सशाची हद्द

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या मावसभावाकडून मी एक ससा घेऊन आले. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, चांगला साडेतीन किलोचा नर. बारामतीला आमच्या घरी आधीपासून बुंदी होती. पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके असलेली, चार वर्षांची मादी. तिचा जोडीदार शेव दिवाळीत गेला. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि कोथिंबिरीच्या जुडीकडेही बघायची नाही. मला वाटलं, एकटी पडली आहे, सोबत मिळाली की खुलेल. म्हणून प्रवासानं दमलेल्या त्या नराला पेटीतून उचललं आणि सरळ बुंदीच्या पिंजऱ्यात सोडलं.

बुंदीनं कान मागे पाडले, शेपूट वर केली, घशातून गुरगुरली आणि थेट त्याच्या अंगावर गेली. दोघं एकमेकांच्या पोटाला दात लावून गरागरा फिरायला लागले. केसांचे पुंजके उडाले. मी टॉवेल टाकून त्यांना सोडवलं तोवर नराच्या उजव्या कानाचा कडेचा तुकडा लोंबत होता आणि माझ्या तळहातातून रक्त येत होतं. सगळा प्रकार जेमतेम अर्ध्या मिनिटाचा.

आजी दारात उभी राहून बघत होती. पंच्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणाली, "तिच्या घरात नेऊन टाकलंस त्याला, आन् वर तिनं पाट मांडावा म्हणतीस?"

मी इतिहास शिकवते. आपल्या अडाणीपणाचीसुद्धा कारणपरंपरा शोधायची खोड त्यातून लागते. ससा म्हणजे भित्रा, गरीब, कापसाचा गोळा, हे मला कुणी शिकवलं? आणि खरा ससा इतका वेगळा कसा निघाला? त्या रात्री हाताला पट्टी बांधून वाचायला बसले. शोध माळरानावरून निघाला तो स्पेनपर्यंत गेला आणि शेवटी आजीच्या त्या वाक्यापाशीच परत आला.

एक शब्द, दोन प्राणी

पहिला गोंधळ भाषेतच आहे. मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना 'ससा' म्हणतो.

एक आपला रानातला. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा बघायला माणसं जातात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यासाठीच १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. या माळांवर संध्याकाळी कुसळी गवतातून जो तपकिरी, लांब कानांचा प्राणी पायाखालून उसळी मारून पळतो, तो हा ससा. मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा असतो. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्युव्हिए यानं १८२३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, लेपस नायग्रिकॉलिस. नावाचा अर्थच काळ्या मानेचा ससा.

दुसरा पिंजऱ्यातला, म्हणजे बुंदी आणि तिचे नातेवाईक. शास्त्रात ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. युरोपातून आलेला.

दोघांचं कूळ एक, पण नातं लांबचं. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं, पाळीव सशाच्या पेशीत ४४. दोघांचा संकर होत नाही. त्याहून महत्त्वाचा फरक जगण्याचा. रानससा बीळ खणत नाही. गवतात अंगानं दाबून केलेल्या उथळ खळग्यात तो बसतो. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात आणि लवकरच आपापल्या वाटेला लागतात. संकट आलं की पळायचं, एवढाच त्याचा उपाय. त्याला राखायला घरच नसतं. पाळीव सशाचे पूर्वज मात्र जमिनीखाली बिळांचं गाव वसवून राहणारे. त्यांची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. आईनं स्वतःच्या अंगावरचे केस उपटून केलेल्या घरट्यात पडून राहतात आणि साधारण दहा दिवसांनी डोळे उघडतात. अशा पिल्लांसाठी घर लागतं, आणि घर आलं की हद्द आली.

आपल्या परंपरेतला ससा हा बहुतेक वेळा रानातला. संस्कृतातल्या 'शश'चा संबंध उड्या मारण्याशी जोडतात. त्याचा डाग अंगावर आहे म्हणून चंद्र शशांक. तर्कशास्त्रात जे कधीच असू शकत नाही त्याला 'शशशृंग', म्हणजे सशाचं शिंग म्हणायचं. पंचतंत्रात सिंहाला विहिरीतलं प्रतिबिंब दाखवणारा हुशार ससाही इथलाच. मग कधीतरी बालवाडीच्या भिंतीवर पांढरा, लाल डोळ्यांचा, गाजर खाणारा ससा रंगवला गेला. नाव जुनंच राहिलं, चित्र बदललं. रानसशाचा भित्रेपणा त्या पांढऱ्या सशाला चिकटला. आमच्या बिचाऱ्या नराला पिंजऱ्यात सोडताना माझ्या डोक्यात हेच भिंतीवरचं चित्र होतं.

त्यातल्या त्यात पंचतंत्रातली एक गोष्ट मला आधी आठवायला हवी होती. झाडाच्या ढोलीत एक तित्तिर पक्षी राहत असतो. तो चरायला म्हणून लांब जातो, बरेच दिवस येत नाही. ढोली रिकामी बघून एक ससा तिथे मुक्काम करतो. तित्तिर परत येतो आणि भांडण लागतं. घर कुणाचं? आधी राहणाऱ्याचं की आता राहणाऱ्याचं? दोघं न्याय मागायला एका तपस्वी मांजराकडे जातात आणि मांजर दोघांनाही खाऊन टाकतं. लहानपणी आपण या गोष्टीतलं ढोंगी मांजर तेवढं लक्षात ठेवतो. खरं तर ती जुना रहिवासी आणि नवा रहिवासी यांची गोष्ट आहे, आणि तिच्यातला ससा मुळीच गरीब नाही.

स्पेनच्या बिळातून पिंजऱ्यात

हिमयुगानंतर युरोपीय ससा उरला तो स्पेन-पोर्तुगालात आणि दक्षिण फ्रान्समध्ये. रोमन लोक तिथे पोचले तेव्हा त्यांना तो इतका नवलाचा वाटला की सम्राट हेड्रियनच्या नाण्यांवर हिस्पानियाच्या मूर्तीच्या पायाशी ससा दिसतो. थोरला प्लिनी लिहितो की बॅलेरिक बेटांवर सशांनी इतका उच्छाद मांडला की तिथल्या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या वॅरोच्या शेतीवरच्या ग्रंथात ससे राखायच्या कुंपणबंद आवारांची माहिती आहे.

ससा माणसाळला कधी? बरीच वर्षं याचं एक छान उत्तर दिलं जायचं. इ.स. ६०० च्या सुमारास एका पोपनं सशाची गर्भातली पिल्लं मासे समजून उपासाला चालतील असं जाहीर केलं, मग फ्रान्सच्या मठांमध्ये भिक्षूंनी ससे पाळायला सुरुवात केली, आणि ससा माणसाळला. २०१८ मध्ये संशोधकांनी या कथेचा माग काढला. पोपचा असा हुकूमच सापडत नाही. तूरच्या ग्रेगरी या बिशपच्या लेखनातला एक प्रसंग पुढच्या अभ्यासकांनी दुसऱ्याच ग्रेगरीच्या, म्हणजे पोपच्या नावावर टाकला आणि त्याची दंतकथा झाली. ससा एका तारखेला माणसाळला नाही. शतकानुशतकं माणूस त्याला आवारात ठेवत, खात, वाढवत, नंतर हौसेनं रंग आणि जाती काढत गेला. तो हळूहळू बदलत गेला, पण पूर्ण कधीच बदलला नाही.

इंग्लंडमध्ये फिशबोर्न इथल्या रोमन वाड्याच्या उत्खननात १९६४ साली चार सेंटिमीटरचं एक हाड मिळालं होतं. अनेक वर्षं ते खोक्यात पडून होतं. ते सशाचं, आणि पहिल्या शतकातलं, हे २०१९ मध्ये जाहीर झालं. त्याच्या तपासणीवरून तो ससा बंदिस्त ठेवलेला असावा असं निघालं, आणि हाडावर कापल्याच्या खुणा नव्हत्या. कदाचित कुणीतरी तो लाडानं पाळला असेल. पिंजऱ्यातला एकटा ससा हे चित्र एवढं जुनं आहे.

माणसाळल्यानं सशात काय बदललं याची उत्तरं आता मिळायला लागली आहेत. २०१४ मध्ये रानटी आणि पाळीव सशांच्या जनुकांची तुलना झाली. मेंदूच्या घडणीशी संबंधित अनेक ठिकाणी थोडे थोडे फरक दिसले. २०१८ मध्ये मेंदूच्या चित्रणावरून कळलं की भीतीशी निगडित असलेला भाग पाळीव सशात तुलनेनं लहान झाला आहे. माणसाची भीती कमी झाली, म्हणून बुंदी माझ्या मांडीवर बसते. पण दुसऱ्या सशाबद्दलचे हिशेब तिनं सोडलेले नाहीत.

डार्विनचे दोन ससे

या विषयात डार्विन भेटेल असं वाटलं नव्हतं. १८६८ साली आलेल्या, पाळीव प्राणी आणि वनस्पतींमधल्या बदलांवरच्या त्याच्या ग्रंथात सशांवर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात पोर्तो सांतो बेटाची हकिकत येते. मदेराजवळच्या या बेटावर १४१८-१९ च्या सुमारास पोर्तुगीजांनी एक सशीण आणि तिची जहाजावर जन्मलेली पिल्लं सोडली. बेटावर त्यांना खाणारं कुणी नव्हतं. ससे इतके वाढले, पिकं अशी फस्त केली की माणसांनाच वस्ती सोडावी लागली.

या सशांच्या वंशातले दोन नर १८६१ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आले. डार्विननं त्यांचा आकार, रंग, चपळाई टिपली. चार वर्षांत त्यांच्या अंगावरचा रंग कसा बदलला तेही लिहिलं. आणि जाता जाता एक नोंद केली. संग्रहालयाचे अधीक्षक बार्टलेट यांनी या दोन नरांजवळ वेगवेगळ्या जातींच्या माद्या पुन्हा पुन्हा आणून ठेवल्या, पण ते त्यांच्याशी मिसळले नाहीत की त्यांची वीण झाली नाही. डार्विनला यात नवी जात तयार होत असल्याची शक्यता दिसली. पोर्तो सांतोचे ससे वेगळी जात नाहीत हे आज आपल्याला माहीत आहे.

मला त्या नोंदीतला 'ठेवल्या' हा शब्द खटकला. एका जागी राहणाऱ्या सशापाशी दुसरा आणून ठेवायचा, जमलं नाही की काढायचा, तिसरा ठेवायचा. मी केलं ते याहून वेगळं नव्हतं. बार्टलेट यांचे ससे का जमले नाहीत हे आता कुणाला सांगता येणार नाही. पण त्यांची ओळख कशी करून दिली हा प्रश्न त्या काळी कुणाला पडला नाही, एवढं त्या नोंदीवरून दिसतं.

तो प्रश्न पडायला ससा आधी मोठा शत्रू व्हावा लागला. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदारानं शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून २४ ससे ऑस्ट्रेलियात आणवले. त्यानंतरचा उत्पात सर्वांना माहीत आहे. १९५० मध्ये सशांना मारायला तिथल्या सरकारनं मिक्सोमाचा विषाणू सोडला. शत्रू समजून घ्यायला हवा म्हणून कॅनबेऱ्यात सरकारी संशोधक बिळांशेजारी बसून राहिले. रोमन मिकिटोविच हे त्यांतले एक. त्यांनी दाखवलं की सशाच्या हनुवटीखाली ग्रंथी असतात, आणि ससा हनुवटी घासत, लेंड्या टाकत आपली हद्द आखतो. गटातला वरचढ नर सगळ्यांत जास्त हनुवटी घासतो. आपल्या वासाच्या जागेत ससा धीट असतो, परक्या वासाच्या जागेत बिचकतो. त्याच सुमारास वेल्समध्ये रोनाल्ड लॉकली काचेतून बिळं न्याहाळत होते. त्यांचं 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ द रॅबिट' १९६४ मध्ये आलं. रिचर्ड ॲडम्सनं 'वॉटरशिप डाउन' लिहिताना त्याचाच आधार घेतला. बिळांच्या गावात नर-माद्यांच्या उतरंडी असतात, माद्या चांगल्या बिळासाठी भांडतात, बाहेरून आलेल्याला हाकलतात, हे सगळं या दोघांच्या कामातून समोर आलं.

बुंदीच्या पिंजऱ्याची एकेक सळई तिनं चार वर्षं हनुवटीनं घासलेली होती. मला ते गोड वाटायचं. खरं तर ती सातबारा लिहीत होती.

शेडमधलं शहाणपण

पांढरा ससा आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आला तो शेतीचा जोडधंदा म्हणून. राजस्थानात अविकानगरला १९६२ मध्ये केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली. लोकरीसाठी अंगोरा, मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट ही नावं अशा संस्थांमधून शेतीच्या मासिकांपर्यंत आणि तिथून आमच्या भागातल्या शेडांपर्यंत पोचली.

माझ्या मावसभावानंही शेड घातलं होतं. पिंजरे, पाण्याच्या निपल, खाद्य, माद्या, नर असं सगळं एका गटाच्या भावात आणि तयार ससे परत विकत घेण्याचा करार. दोनदा ससे गेले, पैसेही आले. तिसऱ्यांदा फोन लागेना. उन्हाळा तोंडावर आला. चाळिशीच्या वर गेलेल्या पाऱ्यात पत्र्याखाली ससा टिकत नाही, कारण त्याला घाम येत नाही आणि अंगातली उष्णता तो कानांवाटे टाकतो. गोणपाट भिजवून लावलं, माठाची ओली खापरं पिंजऱ्यात ठेवली, तरी रोज एखाददुसरा मरायचा. उरलेले मिळेल त्या भावाला गेले. शेवटी राहिला हा एक नर. कानात १४ नंबरचा बिल्ला. त्याला कुणी घेईना आणि मारायचा भावाला धीर होईना.

कानाचं प्रकरण कळल्यावर भावानं फोनवर पहिलंच विचारलं, "ताई, तू त्याला तिच्या पिंजऱ्यात सोडलास? आगं, मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची असती. उलट केलं की मादी फाडतीच."

ससेपालनाच्या प्रशिक्षणात हा नियम सांगतात. मादीला आपल्या जागेचा जास्त सोस, म्हणून वीण करायची तर तिला तिच्या जागेतून काढायचं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ज्याची नोंद कुणी केली नाही ते इंदापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये रोजच्या कामाचा भाग होतं. पण शेडमध्ये भेट पाच मिनिटांची. काम झालं की मादी परत आपल्या पिंजऱ्यात. दोघांनी एकत्र राहायचं कसं, याचं उत्तर शेडकडे नव्हतं, कारण तिथे तो प्रश्नच नसतो. प्रत्येक ससा आपापल्या जाळीत, जन्मभर.

ते उत्तर आलं ससा माणसांच्या घरात मोकळा फिरायला लागल्यावर. १९८५ मध्ये अमेरिकेत मॅरिनेल हॅरिमन यांचं घरातल्या सशांवरचं पुस्तक आलं. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात हाउस रॅबिट सोसायटी सुरू झाली. टाकून दिलेले ससे सांभाळणाऱ्या या लोकांना रोजच नव्याची जुन्याशी गाठ घालून द्यावी लागायची. त्यांच्या अनुभवाचं सार एका ओळीत सांगता येतं. दोघांची पहिली भेट जी जागा दोघांपैकी कुणाचीच नाही तिथे व्हावी.

मी हे आजीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही.

आजीचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, पण त्यांची घरं त्याआधीच सुटली होती. त्यांना नवं गावठाण मिळालं, जमीनही मिळाली. ती जमीन आधी दुसऱ्या कुणाची तरी होती. कागदावर ती सरकारनं घेतली होती, पण ज्याची गेली तो बांधापलीकडेच राहत होता. पहिली दोन वर्षं विहिरीवर आजीची घागर शेवटी. पेरलेल्यात जनावरं सोडलेली. "त्येंचंबी काय चुकलं?" आजी म्हणाली. "त्येंच्या दारात आमाला नेऊन बशिवलं. कुणी आमची गाठ घालून दिली न्हाई. मामलेदार आला, बोट दावून गेला."

मग जमलं कसं, असं मी विचारलं. आजीनं थोडा विचार केला. "म्हसोबाच्या माळाला. तिथं ना त्येंची वस्ती, ना आमची. बाया शेणी वेचायला यायच्या. तिथं बोलाय लागलो."

कुणाचीच नसलेली गच्ची

आमच्याकडे म्हसोबाचा माळ म्हणजे गच्ची. बुंदी तिथे कधी गेली नव्हती.

त्याआधी बरीच तयारी होती. नराचं खच्चीकरण करायचं होतं. आमच्याकडचे जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशींत मुरलेले. सशाला भूल देणं नाजूक काम, पुण्याला न्या, असं त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे ऑपरेशनआधी त्याला उपाशी ठेवायचं नसतं, हे मला तिथे कळलं. बुंदीचं ऑपरेशन पूर्वीच झालं होतं. न केलेल्या माद्यांना वयाबरोबर गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो. नराच्या शरीरात ऑपरेशननंतरही काही आठवडे बीज टिकून राहतं आणि भांडखोरपणा उतरायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणून दीड महिना नुसती वाट बघितली.

तो दीड महिना वाया घालवला नाही. दोन पिंजरे समोरासमोर, मध्ये चार बोटांचं अंतर, म्हणजे दिसेल, वास येईल, पण दात पोचणार नाहीत. रोज संध्याकाळी बुंदीच्या खालचं गोणपाट नराकडे आणि त्याचं तिच्याकडे. पहिल्या दिवशी बुंदीनं ते पायांनी उकरून कोपऱ्यात ढकललं. आठवड्यानं त्यावर नुसती हनुवटी घासली. तिसऱ्या आठवड्यात त्यावर झोपली. आजीला यात काही नवल वाटलं नाही. मेंढी मेली की तिचं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावताना धनगर आधी वासाचीच सोय बघतात, असं ती म्हणाली. जेवण मात्र दोघांना एकाच वेळी, जाळीच्या दोन बाजूंना. दुसऱ्याचा वास आला की घास येतो, एवढं त्यांच्या डोक्यात बसलं पाहिजे.

मग गच्ची. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत. जुनी सतरंजी, वाळलेल्या गवताचे दोन ढीग, दोन वाट्या, दोन खोकी. प्रत्येक खोक्याला दोन दारं, म्हणजे आत शिरलेला कोंडीत सापडणार नाही. माझ्या हातात जाड हातमोजे आणि केरसुणी. पहिल्या दिवशी दहा मिनिटं. दोघं दोन टोकांना बसून आपापलं अंग चाटत राहिली. हे चांगलं लक्षण. दुसऱ्या दिवशी बुंदी त्याच्या पाठीवर चढली. नर-मादीचा संबंध नाही, मोठं कोण ते ठरवायची ही रीत. तो दबून बसला, मी मध्ये पडले नाही. चौथ्या दिवशी ती शेपूट वर करून धावली, तेव्हा केरसुणी आडवी घातली आणि त्या दिवसाची भेट तिथेच संपवली. पाठीवर चढू द्यायचं, पण गरागरा फिरायला लागू द्यायचं नाही. ही सीमा ओळखायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

अकराव्या दिवशी बुंदी त्याच्याजवळ गेली आणि त्याच्यासमोर डोकं जमिनीला टेकवलं. मला वाटलं, शरण आली. सशांत ते उलट असतं. वरचढ ससा डोकं खाली करतो आणि समोरच्यानं चाटावं अशी मागणी करतो. पावणं तिच्याकडे बघत राहिलं. पावणं हे आजीनं ठेवलेलं नाव. मग त्यानं तिचं कपाळ चाटायला सुरुवात केली. फाटलेला उजवा कान तिच्या तोंडाजवळ होता. मी श्वास रोखून केरसुणी धरली होती. तिनं तो कान नुसता हुंगला.

त्यानंतरही तीन आठवडे गेले. मोठा पिंजरा घासून, धुऊन, उन्हात वाळवून, त्यातलं सगळं सामान नव्यानं मांडलं, म्हणजे बुंदीच्या घराचंही थोडं परकं घर झालं. मगच दोघं आत गेली. आता डॉक्टरकडे न्यायचं तर एकाला दुखत असलं तरी दोघांना नेते. एकाला एकटं नेऊन परत आणलं की दवाखान्याचा वास घेऊन तो परका होऊन येतो आणि कधी कधी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. त्या म्हणीत बांधण्याचंच काम सगळ्यांत सोपं धरलंय. शेजारी बांधला की पुढचं आपोआप होतं असं आपल्याला वाटतं. डार्विनच्या काळातल्या अधीक्षकांना तसं वाटलं, उजनीच्या मामलेदाराला तसं वाटलं, मलाही तसंच वाटलं होतं.

परवा भाऊ आला होता. शेडचा पत्रा काढून विकून झालाय. पिंजऱ्यात बुंदीच्या पाठीवर मान टाकून झोपलेल्या पावण्याकडे तो बराच वेळ बघत होता. कानातला १४ नंबरचा बिल्ला मी काढला नव्हता. त्यानं विचारलं, काढू का? आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कुठनं आलाय ते त्येच्याजवळ ऱ्हाऊ दे."

नाव मात्र अजून पावणंच आहे. मी एकदा म्हटलं, आता तरी दुसरं काही ठेवू या. आजी हसली. नव्या गावठाणात तिला अजून, पंचेचाळीस वर्षांनंतर, धरणाची म्हातारी म्हणतात. "आन् माझ्याबिगर कुणाच्या घरचं लग्न उरकत न्हाई," ती म्हणाली, आणि मेथीची काडी जाळीतून आत सरकवली. दोघं उठली. एका टोकानं बुंदी, दुसऱ्या टोकानं पावणं.